साहेब बिझी हायेत

शिपायानं माझी बाटली उचलली, बूच काढलं आणि आतलं सगळं पाणी जीपच्या चिखलानं माखलेल्या चाकावर ओतलं. रिकामी बाटली माझ्या पायाशी टाकली.

"घाण पाणी घेऊन बसली सकाळपासून," म्हणाला. व्हरांड्यात बसलेले दोघं जण हसले.

ते घाण पाणी दाखवायलाच मी तीन कोस चालत आले होते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी सतरा वर्षांची. बाप गावच्या तलावाचा राखणदार, पण त्या आठवड्यात तापानं खाटेवर पडलेला. पाळीतून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधातून, झिरपणारं पाणी नितळ असेल तर भ्यायचं नाही, गढूळ आलं की पाळ आतून माती सोडते आहे, हे त्यानं मला लहानपणीच शिकवलं होतं. त्या सकाळी पाणी चहाच्या रंगाचं आलं. पाळीखाली आमची वस्ती. गेट उघडून तलाव हलका करायला हवा होता. गेटला साखळी, साखळीला कुलूप, आणि किल्ली पाटबंधारे खात्याच्या साहेबाकडे. मी कोंढ्याच्या बाजारातून आणलेली तेलाची बाटली धुतली, ते पाणी भरलं आणि निघाले.

साहेब रेस्ट हाउसवर उतरला होता. दारात शिपाई.

"साहेब बिझी हायेत."

"बिझी म्हंजे काय जी?"

"म्हंजे काम हाय त्यायले. तुह्यासारखे रिकामे नाहीत."

रिकामी. माझ्या पायांवर काल केलेल्या रोवण्याचा चिखल अजून तसाच होता. माझी माय उजाडल्यापासून वाकून धान रोवायची. कंबर सरळ करायला उभी राहिली की बांधावरून आवाज यायचा, "रिकामी कायले उभी हायेस?" तिला जन्मात कोणी बिझी म्हटलं नाही.

मी पायरीवर बसले. पाऊस वाढला. खिडकीतून मटणाचा वास येत होता. आत साहेबासोबत आमच्याच गावचा जमीनदार जेवत होता. गेट उघडलं तर सगळ्यात आधी बुडणार होतं त्याचं धान, नुकतं रोवलेलं.

दुपार कलल्यावर जमीनदार हात पुसत बाहेर आला. त्यानं बाटलीकडे पाहिलं. जुना माणूस, पाणी ओळखणारा. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला कळलं. शिपायाला म्हणाला, "फेक ते."

मला रडू आलं नाही. आधी भीती वाटली, मग आयुष्यात पहिल्यांदा इतका संताप आला. साहेब कामात नव्हता. साहेब आम्ही बुडायची वाट पाहत जेवत होता.

मी रिकामी बाटली उचलली आणि धावतच परतले. बाया जमीनदाराच्याच धानाच्या बांधीत रोवत होत्या. मी पाळीवरून ओरडले, "पाणी गढूळ येऊन राहिलं. निघा." एकीनंही काहून म्हणून विचारलं नाही. मी पहार आणली. चौथ्या घावाला कुलूप तुटलं. सकाळी आपल्याच हातांनी लावलेलं धान पाण्याखाली जाताना आम्ही पाहिलं. मग पोत्यांत माती भरून पाळीवर टाकायला लागलो.

दिवस मावळायच्या आत शिपाई सायकलवर आला.

"कुलूप कोनं तोडलं? साहेबानं बलावलं."

माझ्या डोक्यावर मातीचं पोतं होतं. "मी तोडलं. साहेबाले सांग, मी बिझी आहो. त्यायले काम असन तर इथं या म्हना."

"पोलीस येतीन."

"येऊ दे."

तो गेला. पाऊस थांबला नव्हता. पाळीतून पाणी अजून गढूळच येत होतं, आणि आम्ही माती टाकत होतो.

पोलीस आले, केसही झाली. पुढे दवाखान्याच्या दारात, तहसिलीत, कोर्टाच्या व्हरांड्यात तो 'बिझी' शब्द मी पुन्हा पुन्हा ऐकला. सगळीकडे त्याचा अर्थ तोच होता: तू बुड, आम्हाला वेळ नाही. ती बाटली माझ्याकडे अजून आहे. पायरीवर मात्र मी पुन्हा बसले नाही. पाणी गढूळ दिसलं की मी पहार घेते. किल्ली मागत नाही.