सर्व्हर हलवल्यानंतरचा सोमवार

मानवतजवळच्या एका जिनिंग कंपनीत मी नऊ वर्षं सर्व्हर सांभाळला. लागले होते डाटा एंट्रीला. आधीचा माणूस सोडून गेला आणि मालकांनी त्या खोलीची चावी माझ्या हातात दिली. जिनिंगमध्ये कापसाचं तूस कुठंही शिरतं. सर्व्हरच्या पंख्यात त्याचा थर बसायचा, आणि दर शनिवारी तोंडाला ओढणी बांधून मी तो ब्रशनं काढायची. नऊ वर्षांत एका दिवसाचाही डाटा गेला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं माझ्याबद्दल जो वाट्टेल ते बोलला, त्याला हे माहीत होतं.

तो पुण्याहून आला. कंपनीतले सर्व्हर बंद करून सगळा डाटा क्लाउडवर न्यायचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर ठेवून इंटरनेटवरून वापरायचा, यासाठी मालकांनी त्याला मॅनेजर म्हणून नेमलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं माझं नाव विचारलं. सांगितलं. "पूर्ण नाव?" म्हणाला. आडनाव ऐकल्यावर तो नुसता "अच्छा" म्हणाला, आणि त्यानंतर त्याच्या केबिनमध्ये मला कधी बसा म्हणाला नाही. त्या "अच्छा"चा अर्थ मला ताडकळसच्या शाळेत असल्यापासून कळतो.

क्लाउडला माझा विरोध नव्हता. मला काळजी होती ती वजनकाट्याची. फाटकाजवळच्या काट्यावर कापसाची गाडी उभी राहिली की तिथल्या जुन्या संगणकातून वजन थेट आमच्या सर्व्हरवर जायचं आणि पावती निघायची. सर्व्हर बाहेर गेला, तर नेट बंद पडताच पावती बंद. मी मॅनेजरला पत्र लिहिलं: काटा सगळ्यात शेवटी हलवा, तोवर एक जुना सर्व्हर चालू ठेवा. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली.

त्यानं पत्र माझ्यासमोर दुमडलं. "मॅडम, हा तुमच्या लेव्हलचा विषय नाही. तुम्ही फक्त पासवर्ड द्या."

शनिवारी मी सगळे पासवर्ड लिहून दिले आणि त्याची सही घेतली. सही करताना तो हसत होता. "कोर्टात जायचंय का?"

"नाही. पण सही करा," मी म्हणाले.

रविवारी काट्यासकट सगळं क्लाउडवर गेलं, माणसं आली आणि सर्व्हर उचलून गोदामात टाकले. सोमवारी मी पोचले तेव्हा फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग लागलेली होती. भर हंगामाचे दिवस. काट्यावरचे काका, जे त्या काट्यावर माझ्याही आधीपासून होते, बाहेर येऊन म्हणाले, "बाई, मशीन पासवर्डच घ्यायला तयार न्हाई. लोकं मलाच शिव्या द्यायलेत."

रांगेतला एक शेतकरी माझ्यावरच ओरडला, "काटा कामून बंद हाय? आमी सकाळपासून उभे हाव!"

तेवढ्यात मॅनेजर आला, हातात उघडा लॅपटॉप. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझ्याकडं सगळं व्यवस्थित चालू आहे. काट्यावरचा पासवर्ड हिनं बदललाय. हिला हे होऊ द्यायचंच नव्हतं."

पन्नासेक माणसं माझ्याकडं बघत होती. मी काट्याच्या खोलीचं दार उघडून आत बोट दाखवलं.

"तुमचा लॅपटॉप तुमच्या मोबाइलच्या नेटवर आहे," मी म्हणाले. "इथला राउटर बघा. लाल दिवा आहे. पाथरी रोडला खोदकाम चाललंय, केबल तुटली असणार. आणि पासवर्ड मी सगळे तुम्हाला दिलेत. शनिवारची सही तुमचीच आहे."

वरच्या ऑफिसातून मालकही खाली आले होते. मी पर्समधून पत्राची शिक्का मारलेली प्रत काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. घडी करून परत दिली. मला म्हणाले, "ठीकय. आता चालू करा कसंतरी."

"आधी त्यांनी या लोकांसमोर शब्द मागं घ्यावा."

"ते नंतर बघू, ताई. गाड्या उभ्यात."

मॅनेजर फोन कानाला लावून निघून गेला. त्याच्या केबिनमध्ये जाऊन टेबल उलटं करावं असं वाटलं. पण समोर लोक कापूस घेऊन ताटकळत होते, आणि त्यांचा काय दोष? वजनाचा आकडा काट्याच्या छोट्या पडद्यावर नेटशिवायही दिसतच होता. मी कार्बनचं पावतीबुक मागवलं. काका आकडा मोठ्यानं वाचत, मी लिहून दोन प्रती करत होते. चार वाजता केबल जोडली गेली, तोवर आम्ही उठलो नाही. माझ्यावर ओरडलेला शेतकरी पावती घेताना म्हणाला, "बाई, मगाशी तोंडातून गेलं. राग धरू नका." त्या दिवशी माफी मागणारा तो एकटाच.

पंधरा दिवसांनी काट्यासाठी एक जुना सर्व्हर गोदामातून परत आणला. बैठकीत मॅनेजरनं ती स्वतःची योजना म्हणून मांडली आणि मालकांनी मान डोलावली. त्याच संध्याकाळी मी राजीनामा दिला. कारणाच्या जागी सोमवारी घडलेलं सगळं लिहिलं, त्याचे शब्द जसेच्या तसे.

"एवढं मनावर घेऊ नका," मालक म्हणाले.

"म्हणून तर कागदावर घेतलंय," मी म्हणाले.

जायच्या दिवशी फाटकावर माझी पर्स तपासायचा हुकूम होता. बाकी कुणाची कधी तपासत नसत. मी ती टेबलावर सगळी उलटी केली: डबा, चष्मा, कंगवा, एसटीचा पास. पहारेकऱ्याला माझ्याकडं बघवेना. मी सावकाश एकेक वस्तू परत भरली.

आता परभणीत एका तपासणी लॅबचं काम बघते, सगळं क्लाउडवरच. चांगलं चाललंय. राग मात्र गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.