हिरव्या बुरशीचा माल

माझा धाकटा भाऊ बुरशी पिकवतो. हो, बुरशीच. शिळ्या पावावर दिसली की आपण नाक मुरडून फेकतो ना, तसलीच. गव्हाचा कोंडा वाफवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, त्यावर पांढरी बुरशी वाढू द्यायची, मग सगळं पाण्यात कालवून गाळायचं. त्या पिवळट पाण्यात एन्झाइम असतं म्हणे. कागदाच्या लगद्याला ते लावलं की लगदा पांढरा करायला क्लोरीन कमी लागतं. काम चांगलं आहे, मी कुठे नाही म्हणते? पण हा घरात शिरला की कुबट गोणपाटाचा असा भपकारा येतो, की घास घशाखाली उतरत नाही.

या एन्झाइमच्या कारखान्यात इतकी वर्षं राबला, तरी रोजंदारीवरच. मालक म्हणाला होता, कागद कारखान्यात आपल्या मालाची चाचणी पार पडली की तुला कायम करतो. झालं, आमचे बंधुराज त्या एका शब्दावर जगत होते.

चाचणीच्या आदल्या दिवशी निम्मे ट्रे हिरवे पडले. या हिरव्या बुरशीचं पाणी लगद्याचे धागेच खातं. ती दिसली की ट्रे फेकायचा, हे तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक. मालक म्हणाला, "गाळल्यावर कुणाला कळतंय? घाल त्यातच." याने निमूटपणे घातलं.

"तुला तोंड नव्हतं का रे?" मी विचारलं.

"माल कमी पडला असता, ताई."

चाचणीत व्हायचं तेच झालं. मशीनवर कागद धरेचना, जागोजागी फाटायला लागला. कारखान्याचे मॅनेजर भडकले. मालकाने याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "हा काल कामावर पिऊन आला होता. ट्रे बघितलेच नाहीत." आणि आमचं ध्यान मान खाली घालून उभं! मॅनेजरांनी दुसरी चाचणी मंजूर केली. गेटाबाहेर येताच मालकाने याला कायम केलं.

हे सगळं तो मला हसत हसत सांगत होता. मला शिसारी आली, मालकाची आली त्याहून जास्त याची.

"अरे, जन्मात कधी थेंबाला शिवला नाहीस तू," मी म्हटलं.

"तीच तर पंचाईत आहे," तो म्हणाला. "मालक म्हणतात, पुढच्या चाचणीपर्यंत कागद कारखान्यात जाताना थोडी पिऊन जात जा, मॅनेजरांना वास आला पाहिजे."