मार खाणाऱ्या मामांचा सत्कार
परवा नातीच्या स्नेहसंमेलनात मिशी चिकटवायच्या डिंकाचा वास आला आणि आमच्या गल्लीतले मामा आठवले. कोल्हापूरच्या स्टुडिओत चाळीस वर्षं गुंडाची खोटी मिशी लावून त्यांनी नायकांचा मार खाल्ला, पण पडद्यावर नाव कधी आलं नाही. पंच्याहत्तरीत एकदाचा जीवनगौरव मिळाला. पुरस्कार द्यायला आलेल्या जुन्या नायकानं शाबासकीसाठी हात उचलला, तसे मामा सवयीनं गिरकी घेऊन धाडकन पडले. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. नायक घाबरून वाकला, “लागलं का हो?” मामा डोळे मिटूनच बोलले, ते त्याच्या हातातल्या माईकमधून सगळ्यांनी ऐकलं, “न्हाय वो. टाळ्या सपूं देत की, मग उठतो.” माझ्या शेजारी बसलेल्या मामी हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या. तेव्हापासून कुणाचाही सत्कार असो, टाळ्या मी सगळ्यांत शेवटी थांबवतो.