धूर वाचणारा शेजारी

करी रोडच्या आमच्या चाळीत धूर वाचणारा माणूस एकच होता, आणि त्याला वाचता यायचं तेही तेवढंच. माझं शिक्षण चौथी, त्याचं तेवढंही नाही. हा माझा शेजारी गिरणीत बॉयलरवर होता. चिमणीतून काळा धूर निघाला म्हणजे हवा कमी, कोळसा फुकट. पातळ निघाला म्हणजे आग बरोबर. हीच विद्या तो चाळीवर चालवायचा. कुणाच्याही दारातून नाक आत घालून म्हणायचा, "वहिनी, स्टोव्हची वात कापा, रॉकेल वाया जातंय!" बायका लाटणं दाखवायच्या.

संपात बॉयलर विझला तो विझलाच. मग यानं गॅलरीत कोळशाच्या इस्त्रीचा धंदा मांडला. विजेची घे म्हटलं की भडकायचा. "वायर दुसऱ्याच्या हातात. त्यानं ओढली की मी थंड. एकदा मालकाच्या भरवशावर राहिलो, पुरे झालं." खाटेखाली कोळशाची पोती, मोरीत रॉकेलचे डबे, माळ्यावर लाकडं. बायकोला पाय पसरायला जागा नाही, पण मुंबईतलं जळण संपलं असतं तरी हा दोन वर्षं इस्त्री करत राहिला असता.

एकदा गिरणीच्या आवारातून काळा धूर दिसला. गिरणी सुरू झाली म्हणून गडी खाकी चढवून, डबा घेऊन पळाला! तिथं निघाला नव्या टॉवरचा जनरेटर. परत येऊन म्हणाला, "सांगून आलो, हवा कमी पडतेय त्याला." मग खाकी उतरवून परत इस्त्रीला बसला.

पुढं माझ्या बायकोला दमा जडला. डॉक्टर म्हणाले, धूर नको. मी तडक त्याच्याकडे गेलो.

"तुझा कोळसा नाहीतर माझी बायको, बोल."

"परत कुणाच्या तरी हातात मान देऊ काय रे?"

"ते मला ठाऊक नाही."

फार कडू बोललो. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर विजेची इस्त्री. वायरीकडे सापाकडे बघावं तसा बघायचा. वीज गेली की गिऱ्हाइकांच्या शिव्या खात बसायचा, पण कोळसा पेटवला नाही. त्या हवेवर ही आणखी चार पावसाळे जगली.

गेल्या महिन्यात ती गेली. सवाष्ण गेली, तिला हिरवी साडी नेसवायची. ट्रंकेतली साडी चुरगळलेली आणि चाळीत वीज नाही. बघतो तर हा एका हातात शेगडी, दुसऱ्या हातात जुनी कोळशाची इस्त्री घेऊन जिना उतरतोय.

"कुठं चाललास? आता इथंच पेटव की."

"नको रे," म्हणाला, "वहिनींना धूर लागेल."