भिंतीवरची खडूची खूण

ही हकीकत मी कित्येक वर्षे टाळली. कधी सांगावीच लागली, तर दोष दुसऱ्याच्या माथी राहील अशा बेताने सांगितली. मागच्या महिन्यात नातवाने गाडीचे मूळ बल्ब काढून एलईडी बसवून आणले. "भिंतीवर उजेड पाडून बघितलास का?" मी विचारले. तो हसला. "आजोबा, आता असलं कोण करतं?"

ज्याने केले असते, तो माणूस आता हयात नाही. म्हणून आता लिहितो आहे. तो असताना माझी छाती झाली नाही.

नव्वदच्या दशकात मी गडहिंग्लजच्या एका कॉलेजात शिकवत होतो. घर कोल्हापुरात. एस.टी.ला कंटाळून जुनी गाडी घेतली होती. उचगावात रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझाच एक वर्गमित्र गाड्यांच्या वायरिंगची कामे करी. बौद्ध समाजातला. शाळेत गणितात तो माझ्या पुढे असे, पण वडील गेले आणि त्याची शाळा सुटली. मी त्याला 'अरे' म्हणे, तो मला 'सर' म्हणे. त्यात मला कधी काही खटकले नाही.

तेव्हा गाडीचे कारखान्यातले बल्ब काढून शंभर वॅटचे बसवण्याचे वेड होते. मीही जोडी विकत घेतली आणि त्याच्याकडे गेलो.

"सर, बल्ब बसवतो," तो म्हणाला, "पण उजेड खाली धरणार. समोरच्याच्या डोळ्यात जाता कामा न्हाय."

त्याची एक पद्धत होती. दिवेलागणीला गाडी शेडच्या भिंतीसमोर ठरावीक अंतरावर उभी करायची. दिव्याच्या उंचीवर खडूने आडवी रेघ ओढायची, त्याखाली फुली मारायची. उजेड फुलीवर येईपर्यंत दिव्याच्या बाजूचे स्क्रू फिरवायचे. शेजारी गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे लिहायचे. गिऱ्हाईक पुन्हा आले की त्याच खुणेवर तपासायचे. खडूचे तुकडे मीच कॉलेजातून आणून देई आणि त्याबद्दल उपकार केल्यासारखा वागे.

खाली धरलेला उजेड मला आवडला नाही. कॉलेजातले सहकारी म्हणाले, "काय हो, शंभर वॅटचे घेतलेत की देवघरातली समई लावलीत?" त्याच रविवारी मी पेचकस घेतला आणि दोन्ही दिवे वर उचलले. रस्ता लांबवर पांढरा झाला. समोरून येणारे लोक हाताने डोळे झाकत. खरे सांगतो, मला ते बघायला आवडे.

तीन आठवड्यांनी, अंधार पडता पडता, उचगावच्या वळणावर दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला माझ्या उजेडात आला. त्याने एक हात डोळ्यांवर नेला आणि सायकल नाल्यात गेली. गुडघ्याचा चुरा झाला. लोकांनी त्याला दवाखान्यात नेले आणि माझी गाडी त्या शेडसमोर नेऊन अडकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी गेलो तेव्हा वीसेक माणसे जमली होती. दूधवाल्याचा भाऊ अंगावर आला. "पावणं, तुमच्या उजेडानं डोळं दिपलं की त्येचं! काय विमान उतरवायचं हुतं व्हय?"

मी वर्गमित्राकडे बोट केले. "मला यातलं काय कळतंय? दिवे यानं बसवले."

तो गाडीपाशी गेला, दिव्याच्या काचेवर बोट ठेवले आणि स्क्रूकडे बघितले. त्याला तिथेच सगळे कळले असणार. पण माझ्यावर आरोप न करता तो शांतपणे म्हणाला, "मी खाली धरून दिलं हुतं. भिंतीवर खूण हाय. सांजंला गाडी लावू, मग बघा सगळ्यांनी. उजेड फुलीवर आला तर माझी चूक. वर गेला तर मागनं कुणीतरी फिरवलंय."

"व्हय, बरोबर हाय," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला. "सांजंला बघू."

लोक पांगू लागले. कुणी चहाला गेले, कुणी दूधवाल्याच्या घरी. मी शेडमध्ये थांबलो. भिंतीवर माझ्या गाडीचे दोन आकडे, रेघ आणि फुली स्वच्छ दिसत होती. तो माझ्याकडे पाठ करून कुणाच्या तरी बॅटरीची तार जोडत होता. मी दमल्यासारखे करून भिंतीला टेकलो. अंग थोडे इकडे, थोडे तिकडे केले. मग घरी गेलो.

घरी बायको म्हणाली, "पाठ खडूनं माखलीय. आज रविवार, कॉलेज कुठलं?" तिने सदरा काढून घेतला आणि पाण्यात टाकला. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही, आणि माझ्याकडे पूर्वीसारखे कधी बघितलेही नाही.

संध्याकाळी सगळे पुन्हा जमले. भिंतीवर एक पांढरट फराटा उरला होता. वर्गमित्र भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. फराट्यावरून हात फिरवला, मग माझ्या बदललेल्या, इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघितले.

"खूण कुठाय रे?" दूधवाल्याचा भाऊ ओरडला. "पुसलीस व्हय?"

"मी कशाला पुसू?" तो म्हणाला. "माझा पुरावा हाय त्यो."

तेव्हा मी जे बोललो ते जसेच्या तसे लिहितो. "अशांच्या हातात गाडी दिली, हीच माझी चूक." 'अशांच्या' म्हणजे कुणाच्या, हे तिथे कुणालाही विचारावे लागले नाही.

पहिली थप्पड त्याला दूधवाल्याच्या भावाने मारली. मग इतरांनी. त्याच्या शेडमधला बॅटरी चार्जर रस्त्यावर आपटला, वायरिंग तपासायचा मीटर पायाखाली फोडला. पुरेसे झाले असे वाटल्यावर मी मध्ये पडलो. "जाऊ द्या, पोलिसात नको. गरीब माणूस आहे." लोक म्हणाले, सर मनाने मोठे. तो जमिनीवर बसून मीटरची काच गोळा करत होता.

त्याच्याकडे कुणी गाडी नेईना. दोन महिन्यांत शेड बंद झाली. दूधवाल्याचा पाय कायमचा ताठ राहिला. मी फळे घेऊन भेटायला गेलो, तर तो माझ्याच पाया पडायला वाकू लागला. मी त्याला थांबवले, पण खरे तिथेही सांगितले नाही.

दहाएक वर्षांनी, माझ्या निवृत्तीनंतर, वर्गमित्र वारणानगरला ट्रॅक्टरच्या वायरिंगची कामे करतो असे कळले. नव्या गाडीने गेलो. त्याचे केस पूर्ण पिकले होते. मला बघून तो उठला, हात पुसले.

"या सर. लाइटचं काम हाय?"

मी हो म्हणालो. त्याने अंधार पडायची वाट बघितली, गाडी भिंतीसमोर घ्यायला लावली, खिशातून खडू काढला. रेघ ओढली, फुली मारली, दोन आकडे लिहिले. उजेड मुळातच बरोबर होता. मी भिंतीजवळ उभा होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला,

"टेकू नका, सर. खूण पुसंल."

मी बाजूला झालो. "बरं आहे," म्हणालो आणि गाडीत बसलो. येताना सबंध रस्ताभर मी जे घोकत आलो होतो, आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तुम्ही' म्हणून, ते तसेच तोंडात राहिले: स्क्रू मी फिरवले. खूण मी पुसली. तुमचा काही दोष नव्हता. मला माफ करा.