पाकिटावरची बाई

मसाला कंपनीच्या शेठने माझ्या आईला फसवलं.

आज दुकानात एक सासू त्याच्या मसाल्याच्या पाकिटावरची गोष्ट सुनेला वाचून दाखवत होती. एका आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मसाल्याची पुडी वाण म्हणून दिली आणि घरोघरी तिचं नाव झालं.

"गोष्ट काय आमटीत घालायची, आई?" सून हसली. तरी दोन पाकिटं घेतली.

ही माझ्या आईची गोष्ट. शेठने आमच्याच घरी चहा पिताना ऐकलेली, आणि आईला न विचारता छापलेली. तेव्हा आईच्या पदराला भाजलेल्या खोबऱ्याचा वास असायचा, बायका दारात येऊन विचारायच्या, "वहिनी, तो वाणातला मसाला आहे का?"

पाकिटावर भलतीच बाई हसते आहे. शेठ, माझी आई कुठे आहे? उत्तर द्या.