मुलुंडचं उंदीरघर

उंदीर आणि किस्से यांचं एकच. दोन एका जागी ठेवले, की बघता बघता पिंजरा अपुरा पडतो! ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. काम सांगायला सोपं, पण सांगितल्यावर मान खाली जायची. उंदरांच्या मेंदूत कॅन्सरची गाठ वाढवायची, मग नवीन औषध टोचायचं आणि वाट बघायची. बहुतेक वेळा उंदीर मरायचे.

*

बोरीवलीचं एक स्थळ मला बघायला आलं. बाबा ऐटीत म्हणाले, "मुलगी रिसर्चमध्ये आहे."

मुलाच्या आत्याने विचारलं, "म्हणजे नक्की काय करतेस गं?"

"उंदरांच्या मेंदूत कॅन्सर वाढवते."

आत्याची पोह्यांची बशी हातातच राहिली. "वाढवतेस? मग बरा कोण करतं?"

"आम्हीच. पण अजून एकही झाला नाही."

बाबा मान खाली घालून चहा ढवळत बसले. साखर केव्हाच विरघळली होती!

*

उंदरांना नावं द्यायची नाहीत, कानावर फक्त नंबर, असा आमच्या साहेबांचा, डॉ. मराठ्यांचा नियम. माझी मैत्रीण सुलभा हिने मात्र अख्खं सासर एका पिंजऱ्यात बसवलं होतं. एका सकाळी ती आतून ओरडली, "सासूबाई गेल्या गं!"

साहेबांनी ऐकलं. "अरेरे! ताबडतोब घरी जा."

खरं सांगायची हिंमत कुणाची? बिचारी गेली, ती सरळ मॅटिनीला. संध्याकाळी साहेब हार घेऊन तिच्या घाटकोपरच्या घरी हजर! दार उघडलं सासूबाईंनी. हाराकडे बघून म्हणाल्या, "अय्या, सत्कार कुणाचा?"

*

अंधेरीच्या एका हॉलमध्ये साहेबांचं भाषण होतं. शेवटी एक आजोबा उठले. "उंदरांचा कॅन्सर बरा करून काय मिळवणार? त्यापेक्षा उंदीर मारायचं औषध काढा ना!"

"ते आम्ही केव्हाच काढलंय," साहेब म्हणाले.

हॉल खो खो हसला. साहेब हसले नाहीत.

*

पिंजरे साफ करणारे सावंतकाका मालवणचे. गणपतीत त्यांनी लॅबबाहेर मूर्ती बसवली आणि पायाशी बसलेल्या उंदरावर रुमाल टाकला.

"काका, हे काय?"

"हेका दिसूक नको गो बाय, आपले धंदे!"

साहेब आरतीला आले. रुमाल बघितला. जाताना तेवढा तो शेपटीपर्यंत नीट ओढून गेले.

*

एकदा कुर्ल्याहून कांबळी नावाचे गृहस्थ आले. गिरणी बंद पडल्यापासून घरीच होते. दहावीतल्या मुलीच्या मेंदूत गाठ, डॉक्टरांनी हात टेकलेले. कुणीतरी त्यांना आमच्या औषधाचं सांगितलं होतं.

"ते अजून फक्त उंदरांवर चाललंय हो," साहेब म्हणाले.

"मग तिला उंदीर समजा ना, साहेब."

साहेबांनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. "नाही देता येणार. माणसाला त्याने काय होईल, आम्हालाच माहीत नाही."

"निदान बरा झालेला एखादा दाखवा. घरी जाऊन पोरीला सांगतो."

आम्ही त्यांना आत नेलं. सगळे उंदीर मलूल पडलेले. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात मात्र एक टुणटुणीत, जाळीवर चढउतर करत होता. तो नुसता तुलनेसाठी ठेवलेला. त्याला आम्ही गाठ दिलीच नव्हती.

कांबळींनी नेमकं त्याच्याकडे बोट केलं. "हा बरा झालेला ना?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

"हो," साहेब म्हणाले.

कांबळींनी पायातल्या चपला काढल्या आणि त्या उंदराला हात जोडले.